झाकणाखालचं गाव

आमच्या घरात हवेचा पहिला अभ्यास आईने केला, तोही कपडे वाळत घालता घालता. इंग्लंडात स्लाऊला आलो तेव्हा मी नऊ वर्षांची होते. घर रांगेतलं, मागे हातभर अंगण आणि त्यात एक दोरी. बाबा कारखान्यांच्या इस्टेटमधल्या एका गोदामात माल उतरवून घ्यायच्या कामावर होते आणि आई दुपारच्या पाळीला पॅकिंगला जायची. निघण्याआधी ती मागचं दार उघडून दोन पावलं बाहेर जायची, मान वर करून खोल श्वास घ्यायची. भाजलेल्या साखरेसारखा गोड वास आला तर वारा कारखान्यांकडून, रॉकेलसारखा आला तर विमानतळाकडून, आणि नाक मुरडावं लागलं तर सांडपाण्याकडून. पहिल्या वाऱ्याला सगळे कपडे बाहेर, दुसऱ्याला फक्त टॉवेल आणि बाबांचे कामाचे शर्ट, तिसऱ्याला सगळं घरात, हीटरवर. नोव्हेंबरात धुकं पडलं की वारा थांबायचा आणि तिन्ही वास एकत्र येऊन अंगणात बसायचे. "आज हवा मुक्कामाला आलीय," असं म्हणत आई ओले कपडे परत बादलीत टाकायची. पुढे युनिव्हर्सिटीत हेच सगळं मला समीकरणं मांडून शिकवलं गेलं. मला त्यात फारसं नवीन काही वाटलं नाही, पण तसं पेपरात लिहिण्याइतकी मी धीट नव्हते.

हवेवरच पीएच.डी. करायची आणि त्यासाठी वर्षभर मोरोक्कोतल्या एका डोंगराळ गावात राहायचं, असं ठरलं तेव्हा मी तेवीस वर्षांची होते. आमच्या सरांना असं गाव हवं होतं जिथे मोठे कारखाने नाहीत, गाड्या थोड्या, आणि तरीही हिवाळ्यात लोक खोकतात. बाबांना ते काही पटेना. "हवा मोजायला मोरोक्कोला? अगं, इथे आपल्या डोक्यावरून दर दोन मिनिटांनी विमान जातं. इथे बसून मोज की!" आईने वाद घातला नाही. तिने गोडा मसाला, मेतकूट आणि लोकरीचे पायमोजे बांधून दिले आणि एकच सांगितलं. "ज्या बाईकडे राहशील तिच्या स्वयंपाकघरात हात लाव. नुसती पाहुणी होऊन बसू नकोस." मी हो म्हटलं. आईला हो म्हणणं तेव्हा मला फार सोपं जायचं, करण्याचं नंतर बघू.

ते गाव परातीसारखं होतं. चारी बाजूंनी डोंगरांचे काठ आणि तळाला पांढरी, मातकट घरं, मशिदीचा मनोरा आणि त्याच्याहून थोडी बुटकी अशी हमामची चिमणी. हमाम म्हणजे गावाचं न्हाणीघर. बायकांची वेळ वेगळी, पुरुषांची वेगळी, आणि सगळ्यांचं पाणी तापवणारी एकच भट्टी. आमच्याकडे पूर्वी न्हाणीत तांब्याचा बंब असायचा, तसा हा अख्ख्या गावाचा बंब. माझी सोय लल्ला झोहरांकडे केली होती. त्यांचं घर भट्टीला अगदी लागून, भिंतीला भिंत. लल्ला म्हणजे आपल्याकडे ताई किंवा बाई म्हणतात तसं. पन्नाशीच्या, विधवा, गुडघ्यांनी हैराण, आणि आवाज असा की गच्चीवरून हाक मारली तर बाजारातला माणूस वळून बघेल. मला त्या 'बिंती' म्हणायच्या, म्हणजे लेकी. भट्टी चालवायचे त्यांचे थोरले भाऊ, सी ब्राहिम; सी म्हणजे आपल्याकडच्या 'राव'सारखं. वडिलांच्या हातातलं फावडं त्यांनी घेतलं होतं आणि भुवया आगीत कधीच्या गेल्या होत्या. पहाटे भिंतीपलीकडे त्यांच्या फावड्याची खरखर सुरू झाली की मला जाग यायची. पहिला आठवडा मी त्या आवाजाला वैतागले. पुढे घड्याळ लावायचं सोडून दिलं.

वर्षभरात मी त्या परातीचे सगळे अवतार पाहिले. मी गेले तेव्हा ऑलिव्हचा हंगाम होता. तेलाचे घाणे चालू असायचे आणि गावभर कडवट, हिरवा वास. तेल निघाल्यावर उरलेली पेंड वाळवून लोक जाळायचे, घरात आणि भट्टीतही. मग थंडी आली. तिथली थंडी कोरडी, आकाश लख्ख आणि वारा पूर्ण पडलेला. डोंगरावरची गार हवा उतरून परातीच्या तळाला साचायची, तिच्यावर थोडी उबदार हवा झाकणासारखी बसायची, आणि खालचा धूर खालीच कोंडायचा. मार्चमध्ये पाऊस आणि पश्चिमेचा वारा येऊन सगळं धुऊन काढत, मग बदामाच्या फुलांपर्यंत नजर पोचायची. उन्हाळ्यात मात्र पूर्वेकडून वाळवंटाचा वारा, ज्याला ते शेर्गी म्हणत, डोंगर ओलांडून आत उतरायचा. तेव्हा लल्ला झोहरा दारांच्या फटींत ओली फडकी कोंबायच्या आणि तरीही चहाच्या ग्लासात तळाला तांबूस धूळ बसायची. माणसं तीच, घरं तीच, चुली त्याच, पण ऋतू बदलला की हवा परक्या गावची वाटायची. आज हे मी एका परिच्छेदात लिहून टाकलं. तेव्हा हिवाळ्यातलं ते झाकण मला कळायला किती जणांना त्रास झाला, त्याचंच हे प्रकरण आहे.

माझं यंत्र म्हणजे शिवणयंत्राच्या खोक्याएवढा एक डबा. आत बॅटरीवर चालणारा पंप, वर हवा ओढणारी नळी, आणि मध्ये बशीएवढा पांढरा गोल कागद. सूर्य मावळताना डबा गच्चीवर ठेवायचा, सकाळी आठला बंद करायचा, कागद काढून चपट्या डबीत घालायचा आणि वहीत वारा, आकाश, तापमान लिहायचं. कागद जितका काळा तितकी हवा वाईट. नेमकं वजन नंतर इंग्लंडच्या प्रयोगशाळेत. सी ब्राहिमना या डब्याचं मोठं कौतुक. सकाळी काम आटोपून, हातपाय धुऊन ते बहिणीकडे चहाला यायचे आणि मला विचारायचे, "तुझ्या डब्याने काय सांगितलं?" मी म्हणायचे, "आज खुशीत आहे," किंवा "आज कुरकुरतोय." ते गंभीरपणे मान हलवायचे.

जेवणाची गंमत सांगायची राहिली. भट्टीच्या राखेत मातीची भांडी पुरून ठेवायची तिथे पद्धत होती. सकाळी घरोघरच्या बायका मटण-हरभऱ्याचं भांडं तोंड बांधून सी ब्राहिमकडे आणून द्यायच्या आणि दुपारी मऊ शिजलेलं घेऊन जायच्या. मी मांस खात नाही म्हटल्यावर लल्ला झोहरांनी कपाळाला हात लावला. दुसऱ्या दिवशी सी ब्राहिमनी बाजारातून एक छोटं, दोन मुठींएवढं मडकं आणलं. त्यात पांढरे घेवडे, लसूण, जिरं आणि ऑलिव्हचं तेल. ते मडकं ते बाकीच्या भांड्यांपासून लांब, राखेच्या दुसऱ्या कोपऱ्यात पुरायचे, मटणाचा थेंबही लागू नये म्हणून. तेव्हापासून रोज दुपारी माझं मडकं यायचं. मी ते बैठकीच्या खोलीत, पाहुण्यांच्या गादीवर बसून, पाहुण्यांच्या बशीतून खायचे. स्वयंपाकघर मला बंद होतं. पाहुण्याने चुलीपाशी येणं म्हणजे यजमानणीची नाचक्की, अशी तिथली रीत. मी एकदोनदा उंबऱ्यापर्यंत गेले तर लल्ला झोहरांनी हाताला धरून परत गादीवर आणून बसवलं. खरं सांगायचं तर मला ते सोयीचंच होतं. आयतं मिळत होतं. आईचं सांगणं आठवायचं, आणि रीतच तशी आहे म्हणून मी ते बाजूला ठेवायचे.

डिसेंबरात कागद काळे यायला लागले, पण रोज नाही. थोडी उबदार, ढगाळ रात्र गेली की कागद फिकट राखाडी, आणि कडक थंडी पडली की डांबरासारखा काळा. मी वही काढून रेघा मारल्या. थंडी आणि काळा कागद असे हातात हात घालून चालले होते की मला स्वतःचाच अभिमान वाटला. कारणही समोर होतं. थंडी पडली की हमामला गर्दी, गर्दी झाली की भट्टी जोरात, आणि भट्टी तर माझ्या डब्यापासून दहा पावलांवर. त्या सुमारास नगरपालिकेचे सचिव मला भेटायला आले. सौम्य गृहस्थ होते, मला फ्रेंचमध्ये 'मादमोआझेल', म्हणजे बाईसाहेब, म्हणायचे. त्यांच्या धाकट्या मुलीला हिवाळाभर खोकला असायचा. "मादमोआझेल, एवढं मोजताय तर आम्हाला काही सांगा तरी," ते म्हणाले. मी त्यांना एक पान लिहून दिलं. शेवटच्या ओळीत होतं, 'काळ्या धुराचं मूळ बहुधा हमामची भट्टी.'

तो 'बहुधा' माझ्या कागदावर राहिला. हुकूम निघाला त्यात तो नव्हता. नवी यंत्रणा येईपर्यंत भट्टी बंद, असं हमामच्या दारावर चिकटवलं गेलं. नवी यंत्रणा केव्हा येणार हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि हिवाळा तर नुकता सुरू झाला होता. गावातल्या बायका घरात पातेल्यात पाणी तापवून अंग धुवायला लागल्या, राखेतली भांडी बंद झाली, आणि पहाटेची खरखर थांबली. मी घड्याळ पुन्हा लावायला लागले. सी ब्राहिम दिवसभर हमामच्या पायरीवर भिंतीला टेकून बसायचे. इतकी वर्षं आगीसमोर वाकून काम केलेल्या माणसाला नुसतं बसायचं कसं तेच कळत नव्हतं. सारखे उठायचे, पुन्हा बसायचे. मला वाटलं होतं ते माझ्याशी बोलणं टाकतील. तसं झालं असतं तर बरं झालं असतं. ते सकाळी चहाला आले आणि नेहमीसारखंच विचारलं, "तुझ्या डब्याने काय सांगितलं?" आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. भट्टी बंद होऊन चार दिवस झाले होते आणि त्या सकाळचा कागद पूर्वीइतकाच काळा होता. "आधीचा धूर अजून साचलेला असेल," मी म्हटलं. ते म्हणाले, "असेल," आणि चहा संपवून पायरीवर जाऊन बसले. लल्ला झोहरांनी मला एक शब्द ऐकवला नाही. उलट दुपारी स्वतःच्या चुलीवर माझे घेवडे शिजवायला लागल्या. ते कडक राहायचे, आणि मी खाली मान घालून खायचे.

कागद वजनासाठी न्यायचे म्हणून ख्रिसमसच्या सुट्टीत मी आठ दिवस स्लाऊला आले. हे कागद थंड ठेवावे लागतात आणि प्रयोगशाळा सुट्टीनंतर उघडणार होती. म्हणून मी चपट्या डब्यांची चळत आमच्या फ्रिजमध्ये, इडलीच्या पिठामागे ठेवली आणि घरात सगळ्यांना बजावून सांगितलं, हात लावायचा नाही. सगळ्यांना म्हणजे बाबांना. आई तेव्हा कामावर होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली आले तर आई ओट्यापाशी उभी, एक डबी उघडलेली, आणि नाक त्या कागदाला जवळजवळ टेकलेलं.

"आई! ते काय करतेयस? ते सँपल आहे माझं!"

"मला वाटलं खजुराची वडी आणलीस. नीलू, हा कसला कागद गं?"

"गच्चीवरच्या हवेचा. त्या हमामच्या भट्टीचा धूर आहे तो. बंद कर ना ते प्लीज."

"भट्टीचा नाही हा."

पाच वर्षं युनिव्हर्सिटीत शिकलेली मी, आणि पॅकिंगची पाळी करणारी आई.

"हे बघ," तिने करंगळी कडेला टेकवली आणि माझ्यापुढे धरली. "चिकट आहे. आमच्या बंबाची काजळी मी लग्नापर्यंत खरवडली आहे. ती कोरडी असते गं, फुंकर मारली की उडते. ही तेल प्यायलेली आहे. ही चुलीवरच्या फळीला बसते ती काजळी. आणि वास घे. कांदा, जिरं, आणि काहीतरी जुनं, खवट झालेलं तूप."

"फ्रिजमधला वास लागला असेल."

"बरं." तिने दुसरी डबी उघडली. मी अडवायचं सोडून दिलं होतं. हा कागद ढगाळ रात्रीचा, फिकट राखाडी. तिने हुंगला आणि माझ्या हातात दिला. "हाही त्याच फ्रिजमध्ये होता ना? मग याला का नाही लागला?"

मी दोन्ही कागद हुंगले. राखाडी कागदाला नुसता धुराचा पुसट वास होता. काळ्याला लल्ला झोहरा सकाळी चुलीवर उकळायच्या त्या सुपाचा. लोण्याचं, मीठ घालून मुरवलेलं तूप त्या वर्षभर बरणीत ठेवायच्या आणि थेंब थेंब वापरायच्या. त्याचा वास एकदा घेतला की विसरायचा नाही.

"भट्टी बंद झाल्यावर कागद पांढरे झाले का?" आईने विचारलं.

"नाही."

"मग बंद भट्टीचा धूर कुठून येणार, बाळा?" तिने डब्या नीट बंद केल्या, हात धुतले आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तिच्या स्वयंपाकघरात गेलीस का तू एकदा तरी?"

"तिथे पाहुण्यांना नेत नाहीत."

"तीन महिने पाहुणी?" आई एवढंच म्हणाली. रागावली असती तर मी भांडले असते. तिने इडलीपात्र काढलं आणि मी ओट्याशी उभी राहून रडले. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. माझ्या प्रबंधात आभाराच्या पानावर आमच्या सरांचं नाव सगळ्यात वर आहे. ते खाली आणि आईचं वर असायला हवं होतं, हे मला आता इथे लिहून ठेवायचं आहे.

परत गेले ती सरळ लल्ला झोहरांपुढे जाऊन बसले आणि विचारलं, "लल्ला, माझा डबा तुम्ही हलवता का?"

त्यांचा चेहरा खुलला. इतके दिवस कुणी विचारलं नव्हतं याचीच जणू त्यांना खंत होती. "हलवते म्हणजे? थंडी पडली की आत आणते! तू जेवून खोलीत गेलीस की मी वर जाते. ऐकलंस का तू, गारठ्यात तो कसा कण्हतो? उबेत छान गातो. पाहुणीचं यंत्र, बिंती. ते काय बाहेर कुडकुडत ठेवायचं? चुलीशेजारी ठेवते, भाकरी-सूप करून झालं की सकाळी तुझ्याआधी परत वर नेते. या गुडघ्यांनी," त्यांनी अभिमानाने पुढे जोडलं.

थंडीत बॅटरी मंदावते आणि पंपाचा आवाज खाली जातो, हे मला माहीत होतं. त्याला कुणी कण्हणं समजेल आणि कनवाळूपणाने उचलून आत आणेल, हे माझ्या कुठल्याच पुस्तकात नव्हतं. थंडी पडली की कागद काळा का, तर थंडी पडली की डबा चुलीशी. मला हसू आलं, आणि लगेच सी ब्राहिम पायरीवर बसलेले दिसले. मी जमेल तशा मोडक्या अरबीत सगळं समजावून सांगितलं. लल्ला झोहरांचे हात हळूहळू तोंडावर गेले.

"म्हणजे माझ्या भावाची भट्टी मी विझवली?"

"नाही लल्ला. तुम्ही फक्त डबा आत आणलात. कागद मी लिहिला."

हे वाक्य बोलायला मला जेवढं जड गेलं तेवढं पुढे आयुष्यात फारच थोडं गेलं आहे. मग मी आणि लल्ला पायरीवर गेलो आणि सी ब्राहिमना सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, बहिणीकडे बघितलं, आणि पोट धरून हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. मग डोळे पुसत म्हणाले, "आता हे त्या सचिवांना कोण सांगणार?"

मीच सांगितलं. सचिव हसले नाहीत. "मादमोआझेल, हुकूम निघालाय. शिक्का बसलाय. तुम्हाला वाईट वाटतंय म्हणून तो मला मागे घेता येत नाही. पुरावा आणा." त्यांचं बरोबर होतं. पहिल्यांदा त्यांनी माझ्याकडे पुरावा मागितला असता तर ही वेळच आली नसती. दहा दिवसांची तात्पुरती परवानगी मिळाली. सरांनी आणखी दोन डबे पाठवले. एक डबा गच्चीवर, दुसरा बाजारात, तिसरा डोंगराच्या खांद्यावर मेंढपाळाच्या झोपडीपाशी. पाच दिवस भट्टी चालू, पाच दिवस बंद. सरांना मी फोनवर सगळं कबूल केलं तेव्हा ते म्हणाले, आता जे येईल ते जसंच्या तसं लिही. माझी पीएच.डी. राहते की जाते हे मला कळत नव्हतं. पण त्या दहा दिवसांत मला तिची आठवण फारशी झाली नाही. भट्टीचंच डोक्यात होतं. कागद पुन्हा काळे आले तर, आणि या वेळी खरंच भट्टीमुळे आले तर काय, ही धाकधूक होती.

आकड्यांपेक्षा सचिवांना पटलं ते वेगळ्याच गोष्टीने. नवव्या दिवशी सूर्य उगवताना मी त्यांना डोंगरावर नेलं. सी ब्राहिम आले, आणि गुडघ्यांची पर्वा न करता लल्ला झोहराही गाढवावर बसून आल्या. त्या सगळा जन्म त्या गावात राहिल्या होत्या, पण इतक्या सकाळी वरून कधी बघितलं नव्हतं. खाली गाव नव्हतंच. परातीच्या काठापासून काठापर्यंत राखाडी धुराचा सपाट थर, त्यातून फक्त मनोऱ्याचं टोक वर आलेलं. आम्ही उभे होतो तिथे मात्र हवा इतकी स्वच्छ की नाकाला झोंबत होती. भट्टी त्या दिवशी बंद होती.

"हे झाकण कुणी ठेवलं?" लल्ला झोहरा हळूच म्हणाल्या.

"डोंगराने आणि थंडीने," मी म्हटलं. "खालचा धूर वर जायला वाट नाही. वारा सुटला की निघून जाईल."

"त्यातला माझ्या चुलीचा कुठला?"

"सगळ्यांचा आहे," सी ब्राहिम म्हणाले. मग सचिवांनी विचारलं की त्यांच्या मुलीला निजायला वरच्या मजल्यावरची खोली बरी की खालची, आणि आम्ही उतरताना त्याबद्दलच बोलत राहिलो.

भट्टी चालू असो की बंद, बाजारातला कागद जवळजवळ सारखाच होता. वारा पडला की काळा, वारा सुटला की पांढरा. नगरपालिकेच्या सभेत मी उभी राहून वाचलं की माझं पहिलं पान चुकीचं होतं आणि चूक माझी होती. लोकांनी शांतपणे ऐकलं. मागून एका म्हातारीने ओरडून विचारलं, पाणी कधी तापणार ते सांग. हुकूम मागे घेतला गेला. सगळ्यात काळा कागद निघाला तो मात्र लल्ला झोहरांच्या स्वयंपाकघरातला, त्या डिसेंबरातला, म्हणजे ज्या हवेत त्या रोज भाकरी भाजत होत्या तीच. हे मी सी ब्राहिमना दाखवलं. त्यांनी त्याच आठवड्यात चुलीवर धुरांडं बसवलं. भट्टीवाल्याच्या बहिणीच्या घरात धुरांडं नव्हतं याची त्यांना जी लाज वाटली, ती बघून लल्ला झोहरांनी त्यांना दोन दिवस चिडवलं.

परवा लंडनजवळ पिनरमध्ये माझी नात इरा फोनवर हवेचा आकडा बघून म्हणाली, "आजी, आज हवा रेड झाला. शेजारचे अंकल वुड बर्नर लावतात ना, त्यांच्यामुळे." मी तिला म्हटलं, असेलही, पण आधी बाहेर ये. आम्ही मागच्या अंगणात गेलो. मी मान वर करून खोल श्वास घेतला आणि तिलाही घ्यायला लावला. पान हलत नव्हतं. "सगळ्यांचाच आहे," मी म्हटलं. तिला कळलं की नाही कोण जाणे, पण तिने पुन्हा एकदा श्वास घेतला.

तेव्हा मोरोक्कोत भट्टी पुन्हा पेटली त्या दुपारी माझं छोटं मडकं आलं. मी सवयीने गादीवर जाऊन बसले, तर आतून हाक आली. लल्ला झोहरा चुलीपुढे बसल्या होत्या, शेजारी एक बुटकं स्टूल ठेवलेलं. "ये, बिंती. कांदा चीर," त्या म्हणाल्या. मी चिरला, जाडाच चिरला गेला, त्यावर बोलणीही खाल्ली. घेवडे मऊ शिजले होते. संध्याकाळी थंडी पडायला लागली तशी मी डबा घेऊन गच्चीवर गेले, पंप चालू केला आणि बजावून आले, लल्ला, आता आत आणायचा नाही, कितीही कण्हला तरी. त्यांनी शपथ घेतली.

सकाळी फावड्याच्या खरखरीने मला जाग आली. मी वर गेले. डबा जागच्या जागी होता, इंचभरही हलला नव्हता. त्याच्याभोवती लल्ला झोहरांची लोकरी शाल घट्ट गुंडाळलेली, आणि हवा ओढायची नळी तेवढी व्यवस्थित मोकळी सोडलेली, बाळाचं नाक सोडतात तशी. शेजारी हमामच्या चिमणीतून धूर सरळ वर चालला होता. मी शाल काढली नाही. वही उघडून त्या दिवसाच्या ओळीत लिहिलं: वारा नाही. आकाश निरभ्र. भट्टी चालू. डब्याला शाल.